कापसाच्या रानातली उपासना

निवृत्त मुख्याध्यापकाने सकाळी व्हरांड्यात बसून वर्तमानपत्रातील चुकांवर लाल शाईने खुणा कराव्यात, असे माझे मत होते. सौ. सुलोचना सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. तिचे मत वेगळे होते. आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीची एक योजना आहे. ज्या खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांना स्वतःचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही, तेथे नाताळच्या काळात एका वयस्कर जोडप्याने तीन आठवडे राहावयाचे, रविवारची उपासना चालवावयाची आणि घरोघरी भेटी द्यावयाच्या. तिने मला न विचारताच अर्ज भरून आणला. अर्जात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त करून खाली सही करेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही, की आपण जाण्यास होकार दिला आहे.

आम्हाला नेमून दिलेले गाव परतूरच्या पलीकडे होते. जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मार्ग सांगतो. नगरहून सकाळच्या एस.टी.ने औरंगाबाद गाठावे. ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते, मात्र वयाचा दाखला हाताशी ठेवावा, कारण माझ्या पांढऱ्या केसांवर वाहकाचा विश्वास बसला नाही आणि सौ. सबंध प्रवासभर त्यावर हसत राहिली. औरंगाबादहून परभणीकडे जाणारी गाडी धरावी. जालन्याला फलाटावर मोसंबी घ्यावी, सोलून देणाऱ्याकडून घेऊ नये. परतूर स्थानकाबाहेर काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ या शब्दाचा तेथील अर्थ आपल्यापेक्षा बराच व्यापक आहे. मी शिडीला लोंबकळणाऱ्यांसह एकवीस माणसे मोजली. दोन्ही बाजूंस पांढरीशुभ्र फुटलेली कापसाची राने होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शोभणार नाही इतका मी आनंदलो होतो.

गावात ख्रिस्ती घरे अकरा. पत्र्याच्या छपराचे प्रार्थनामंदिर, त्याला लागून एक खोली, ती आमची. सामान ठेवतो न ठेवतो तोच याकोब आला. साठीचा, उंच, मंडळीचा कारभार पाहणारा.

“सलाम, पाळकसाहेब.”

मी पाळक नसून केवळ उपासना चालविण्यास आलो आहे, हे मी त्याला नीट समजावून सांगितले. त्याने लक्षपूर्वक ऐकले आणि तो म्हणाला, “बराबर आहे, पाळकसाहेब.” अखेर ‘गुरुजी’वर तडजोड झाली.

मग त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. त्याची मुलगी करुणा हिचे लग्न नाताळच्या दुसऱ्या दिवशी होते. आमच्यात लग्नाची सूचना लागोपाठ तीन रविवार भरलेल्या उपासनेत वाचावी लागते आणि कोणाची हरकत आहे काय, असे विचारावे लागते. त्यावाचून पाळक लग्न लावीत नाहीत. लग्नापूर्वी रविवार नेमके तीनच उरले होते. एकदा आजोबांच्या निधनामुळे आणि एकदा नवरदेवाला रजा न मिळाल्यामुळे हे लग्न दोनदा पुढे गेले होते. नवरदेव जालन्याला सळ्यांच्या कारखान्यात होता. त्याला या वेळी चार दिवस मिळाले होते आणि पुढची रजा कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हते. वरपक्षाने स्पष्ट सांगितले होते, की आता तारीख हलली तर ते दुसरीकडे पाहतील.

मी चिठ्ठी शास्त्रात, म्हणजे माझ्या बायबलात, ठेवली आणि निश्चिंत राहा, असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी बोललो जखऱ्या याजकावर. देवदूताच्या शब्दावर विश्वास न ठेवल्यामुळे ज्याची वाचा गेली, तो जखऱ्या. त्याच्या मौनावर मी सव्वा तास बोललो. विषय रंगला, याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. पुढच्या बाकावर करुणा बसली होती आणि माझ्याकडे एकटक पाहत होती. तिची एकाग्रता पाहून मी आणखी दोन मुद्दे घेतले. मग आशीर्वाद दिला. मंडळी ताडकन उठून कापूस वेचायला गेली.

दुपारी करुणा भाकरी, ठेचा आणि तुरीच्या शेंगांची आमटी घेऊन आली. डबा ठेवून ती दारातच उभी राहिली. डोळे लाल झाले होते. मी शास्त्र बाजूला सारले, तशी चिठ्ठी खाली पडली.

“आता मंग कसं, गुरुजी?” ती म्हणाली.

सूचना वाचायची राहिली, हे तिला सकाळपासून ठाऊक होते. वडीलधारा माणूस बोलत असताना मध्ये बोलावयाचे नाही, म्हणून ती गप्प बसली होती, आणि आशीर्वादाने उपासना संपल्यावर बोलून उपयोग नव्हता. पुढील रविवारी चिठ्ठी दोनदा वाचावी, असे कोणीही सुचविले असते. पण नियमात तीन रविवार म्हटले आहे, तीन वाचने नव्हे. स्वतःची चूक झाकण्यासाठी मी नियम वाकवणार नव्हतो.

सौ. माझ्याकडे पाहत होती. रुग्णाच्या खाटेशी ती पूर्वी जशी पाही, तशी.

“अहो, रविवार मावळायला अजून तीन तास आहेत,” ती म्हणाली. “मंडळी इथे येत नसेल तर आपण तिकडे जाऊ. चपला घाला.”

मंडळी ज्यांच्याकडे वेचणीला गेली होती, त्या भगवानरावांचे रान दीड कोस दूर होते. पुढे करुणा, मागे पदर खोचलेली सौ., शेवटी शास्त्र आणि काठी सांभाळणारा मी. ढेकळांतून धावावयाचे नसते हे मला ठाऊक आहे. तरीही मी धावलो. रानात सगळीकडे पोटाशी कापसाच्या ओट्या बांधलेल्या बायका. इतकी गरोदर दिसणारी मंडळी मी जन्मात पाहिली नव्हती, हे सौ.ला सांगताच ती बांधावरच हसत बसली.

रानाचे मालक भगवानराव, वारकरी, कपाळी बुक्का. “काय गुरुजी, वेचायला आल्ते का?” त्यांनी विचारले. मी घडलेले सर्व काही न लपवता सांगितले. तासभर वेचणी थांबवावी, अशी विनंती करण्याचे मात्र माझ्या जिवावर आले होते. त्यांनी करुणाकडे पाहिले आणि सगळ्यांना लगेच बांधावर बोलावले, ख्रिस्ती आणि इतर सगळ्यांना. स्वतः सर्वांत पुढे मांडी घालून बसले.

एक भजन झाले. याकोबने रिकाम्या डब्यावर ठेका धरला. प्रार्थना झाली. मी घसा साफ केला, तोच सौ. हळूच म्हणाली, “प्रवचन सकाळचंच पुरेल.” मी चिठ्ठी उघडली, दोन्ही नावे स्पष्ट वाचली आणि विचारले, की या विवाहास कोणाची हरकत आहे काय.

“माझी हाये,” भगवानराव म्हणाले.

करुणाने पदराचे टोक मुठीत धरले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला. उत्तर प्रथमच ऐकत होतो.

“लग्न सकाळी अकराला ठेवलं. त्या दिवशी आपल्या गावचा बाजार. आम्ही बाजार करावा का लग्नाला यावं? पोरगी आमच्या समोर वाढली. चारला लावा, मंग आपली हरकत न्हाई.”

“अण्णा, बिलकुल चारला,” याकोब म्हणाला, आणि रानभर हशा उसळला. करुणा हसता हसता रडली. मी हरकत वहीत लिहून घेतली आणि तिच्यापुढे ‘निवारण झाले’ असे लिहिले. थट्टेने घेतलेली हरकतही हरकतच असते.

उरलेले दोन रविवार मी सूचना आधी आणि प्रवचन नंतर ठेवले. दोन्ही प्रवचने वीस मिनिटांची झाली. नाताळच्या दिवशी अकरा घरांत करंज्या खाल्ल्या, भगवानरावांच्या आगटीवर हुरडा खाल्ला, ढोलकीमागे गात फिरलो. थंडी बोचरी असते, शाल न्यावी. वीज सकाळ-संध्याकाळ जाते, मेणबत्त्याही न्याव्यात. पोट रिकामे न्यावे.

लग्नाला चार वाजता सगळा बाजार आला. बाकांखाली मेथीच्या जुड्या, दाराशी नुकतीच विकत घेतलेली शेळी. जालन्याहून आलेल्या पाळकांनी प्रश्न विचारला तेव्हा सर्वांनी वळून भगवानरावांकडे पाहिले. त्यांनी प्रसन्नपणे दोन्ही हात जोडले.

आता नगरला परतून महिना झाला आहे. वर्तमानपत्रातील चुका तशाच साचल्या आहेत. गेल्या आठवड्यात मंडळीच्या कार्यालयाचे पत्र आले. विवाहनोंदीत पहिल्या वाचनाच्या स्थळापुढे मी ‘भगवानराव यांचे कापसाचे रान’ असे लिहिले होते. हे मान्यताप्राप्त उपासनास्थळ आहे काय, अशी विचारणा होती.

मी उत्तर लिहिले: “स्थळास छप्पर नाही. मंडळी पूर्ण हजर होती. आलेल्या एकमेव हरकतीचे जागेवरच निवारण करण्यात आले.” सौ.ने ते वाचले, माझ्या कोटाच्या खिशात तेव्हापासून राहिलेले कापसाचे बोंड काढले आणि पाकिटात घातले.

कार्यालयाकडून पुन्हा हरकत आलेली नाही.