सुमनताईंचा खोकला

सुमनताई वकिलांना खोकला कधी झाला नव्हता. तरी पोलीस ठाण्याची पायरी चढल्या की त्या खोकायला लागत. कोरडा, मुद्दाम काढलेला खोकला. त्यांच्या हाताखाली काम शिकायला मी वडवणीला आले, तेव्हा मी त्यांच्यासाठी पर्समध्ये खडीसाखर बाळगायचे. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच," त्या म्हणाल्या. "हे दुखणं औषधाचं न्हाई."

चौकशी चालू असताना वकिलाला आरोपीला भेटता येतं, पण पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही. ताईंना लांब बसवत. आरोपी दिसेल, बोलणं ऐकू येणार नाही इतकं लांब. आत जाणाऱ्याला त्या बजावायच्या, "मी हितंच हाय. भिऊन हो म्हनू नको."

मी येण्याआधी आष्टीकडच्या गहिनीनाथलाही त्यांनी हेच बजावलं होतं. ऊसतोडीला आलेला हा तरणा गडी ट्रॅक्टरचोरीच्या संशयावरून उचलला होता. साहेबांनी त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. ताईंना त्याची पाठ दिसत होती, त्याला ताई दिसत नव्हत्या. कायद्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. ताई दुपारभर जागच्या हलल्या नाहीत. शेवटी "आता उद्या भेटा" म्हणून त्यांना वाटेला लावलं.

डबा घेऊन गेलेल्या आईला, पारूबाईला, तो म्हणाला, "वकीलबाई गेल्या निघून. मी हो म्हनून टाकलं, आये. समदं संपलं." पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे त्याला सांगायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताई पोचल्या, तोवर त्याने कोठडीत गळफास घेतला होता.

"तुमी हुतात, तर माझ्या लेकाला कावून कळलं न्हाई?" पारूबाईने विचारलं होतं. हे सगळं ताईंकडून ऐकताना मला तिचा राग आला. ताईंना कधीच आला नाही. "पाठ फिरवत्यात, कान कसं फिरवतील?" त्या तिलाही म्हणायच्या आणि ठाण्यात खोकत बसायच्या.

"मॅडम, छातीचा फोटो काढा," एका फौजदाराने चेष्टा केली.

"काढते. आदी ती खुर्ची फिरवा."

पुढे अर्धांगाने ताई बीडच्या दवाखान्यात पडल्या, भिंतीकडे तोंड करून. आत एकालाच सोडत, मी होते. पडद्याबाहेर कोणी तरी खोकलं. कोरडं, मुद्दाम.

"कोन गं?" ताईंनी कसंबसं विचारलं.

मी डोकावले. "पारूबाई."

त्यांनी डोळे मिटले. माझा हात घट्ट धरला, मग त्यांची पकड सैल पडली. ताई गेल्याचं बाहेर कोणी सांगितलं नव्हतं; पारूबाई खोकतच होती.