मुरमाच्या वाटेने माहेरी

मला सायकल आवडते आणि उसाचे ट्रॅक्टर आवडत नाहीत. लातूरला राहून ही आवड फार गैरसोयीची आहे. सकाळी औशाच्या रस्त्याला लागावं तर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी ठणाणा लावून हे धूड अंगावर येतं. मुरुडच्या बाजूला गेलं तर ट्रकवाले कडेला दाबतात. एकदा अशीच बाभळीच्या काट्यांत पडले, गुडघा फुटला, तेव्हा म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा डांबरी रस्ता. जाड, खाचांच्या टायरची सायकल घेतली. दुकानदार तिला ग्रॅव्हल बाईक म्हणाला, मी मुरमाची सायकल म्हणते. कालव्याच्या कडेचे, शेताशेतांतून जाणारे, ज्यांना कुणी विचारत नाही असले मुरमाचे रस्ते ते माझे रस्ते. दिवसभर मी लॅबमध्ये लोकांच्या हातात सुया टोचते. सकाळचा एक तास तरी कुणाचं "आई गं" ऐकायचं नसतं. वय एक्कावन्न. नवऱ्याच्या मते हे खूळ आहे, पण टायरात हवा तोच भरून देतो.

तर मागच्या दिवाळीत मी ह्या सायकलीवर माहेरी गेले. हौस म्हणून गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. मी रुसले होते.

माझं माहेर किनवटच्या डोंगरात, इस्लापूरपासून जंगलातून वीसेक किलोमीटर. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला मोठा भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला आहे. आधी एसटीने यायचा, मग मोटारसायकलने, आता जीपने. हातात सीताफळांची पिशवी, चहा उभ्यानेच, आणि "चल बाई, आटप" एवढंच बोलणं. इतक्या लांबून कशाला येतोस, माझी मी येईन, असं मी दरवर्षी म्हणायचे. तो खरंच आला नसता तर मी किती भडकले असते हे त्यालाही ठाऊक होतं.

चैत्रात माय गेली. त्यानंतरची ही पहिली दिवाळी. वसुबारस आली तरी भावाचा फोन नाही. लॅबमध्ये मी एक नस शोधायची आणि एकदा मोबाईल बघायची.

नवरा म्हणाला, "तू कर की फोन."

"मी का करू? मुराळ्याला काय आवतण द्यायचं असतं?"

"कापूस वेचणीला आला असेल. गडबडीत असेल तो."

"कापूस दरवर्षी येतो."

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माय होती म्हणून तो येत होता. आता ती नाही, मग मी त्या घरची कोण? भावाला विचारावं आणि तो गप्प बसला तर? त्यापेक्षा आपणच असं काही करावं, की तो न्यायला आला नाही असं म्हणायची वेळच येऊ नये. धनत्रयोदशीला मी वहिनीला फोन लावला. म्हटलं, मी भाऊबीजेला येते, इस्लापूरपर्यंत बसने आणि पुढं जंगलातून सायकलवर, कुणी यायची गरज नाही.

दहा मिनिटांत भावाचा फोन. "सायकलवर? येडी झाली का तू? लोक म्हणतील, भाऊ मेला का हिचा!"

"म्हणू दे."

"जीप काय पूजेला ठेवली का मी?"

"तुझी जीप मागितली कुणी?"

त्याने फोन आपटला. माझ्या आधी आपटला, ह्याचाच मला जास्त राग आला.

पाडव्याला नवऱ्याला ओवाळून निघाले. नांदेडला मैत्रिणीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसच्या टपावर सायकल चढवली. कंडक्टरने तिचं लगेजचं तिकीट फाडता फाडता विचारलं, "नातवाला का?" म्हटलं, माझी आहे. तो "बरं बरं" म्हणत घाईने पुढच्या सीटकडे सरकला.

इस्लापूर सोडून जंगलात शिरले, आणि काय सांगू महाराज, तो रस्ता! पावसाने धुतलेले डोंगर, डोळे मिटावे लागतील असं ऊन, सुपाएवढी सागाची पानं आणि तांबडा मुरूम. टायरखाली चर्र चर्र आवाज, दुसरा आवाजच नाही. तासाभरात भेटली ती एक बैलगाडी आणि शेरडांचा एक कळप. पहिल्या ओढ्याला मी शहाण्यासारखे बूट काढून सायकल ढकलत नेली. दुसऱ्या ओढ्यात तशीच घुसले, कंबरेपर्यंत भिजले आणि एकटीच मोठमोठ्यांदा हसले. राग पार उतरायला लागला होता. मी तो ओढून पुन्हा चढवत होते.

एका वळणावर कापूस वेचणाऱ्या बाया सरळ उभ्या राहून बघायला लागल्या.

"ओ बाई, गाडी बिघडली का?"

"नाही. सायकलवरच आलेय."

"ते दिसून राहिलं. पण कामून?"

"हौस!" म्हटलं. पदर तोंडाला लावून सगळ्या हसल्या. त्यांतली एक म्हातारी ओटीतला कापूस सावरत बांधावर आली. मला खालून वर न्याहाळत म्हणाली, "दिवाळीची माहेराला चालली ना? मंग भाऊ न्हाई का तुला?"

"आहे. मीच येऊ नको म्हटलं."

"असं कुठं असतं का बाई?" म्हणाली आणि एक पिकलेलं सीताफळ हातात दिलं. मी ते तिथंच उभ्याने खाल्लं. बिया थुंकत राहिलं की बोलावं लागत नाही.

पुढं घाट लागला. ऊन डोक्यावर आलं. सुटे दगड होते, मागचं चाक जागीच फिरत होतं. शेवटी उतरले आणि ढकलायला लागले. निम्म्या चढावर मला मायची आठवण आली आणि मी चांगली हुंदके देऊन रडले. बघायला कुणी नव्हतं. रहदारी नसलेल्या रस्त्याचा हाही एक फायदा.

खिंडीत मोहाचं झाड आहे, त्याच्या सावलीत बसले. पाणी पिते तोवर पलीकडच्या बाजूने खडखड ऐकू आली. त्याच्या जोडीला कुणाचं तरी धापा टाकणं. आणि वळणावरून वर आला तो माझा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पांढरा शर्ट घामाने चिंब, डोक्याला रुमाल, आणि बुडाखाली त्याच्या पोरीची शाळेची गुलाबी सायकल! पुढं बास्केट. गुडघे हँडलला आपटत होते. मला बघून तो उतरायला गेला आणि सायकलीसकट आडवा झाला.

मी धावले. उठवून झाडाखाली बसवलं आणि पहिली त्याची नाडी धरली.

"सोड," तो म्हणाला. "सणासुदीचं रक्त काढू नको माझं."

"जीप कुठंय?"

"घरी." त्याला दम पुरत नव्हता. "बहीण सायकलवर येऊन राहिली, अन् मुराळी काय जीपमध्ये बसून येईल? बरं दिसतं का ते?"

मला हसू आलं, आणि त्याच हसण्यातून राग उसळला. "एवढं कळतं तर फोन का केला नाहीस? वसुबारस गेली, धनतेरस उजाडली. मी येड्यासारखी मोबाईल बघत बसले."

त्याने रुमाल सोडला आणि तोंड पुसत बसला. पुसून झालं तरी पुसत होता.

"दरसाल माय म्हणायची, जा, बाईला घेऊन ये. मंग मी निघायचो," तो म्हणाला. "औंदा कोणी म्हटलंच न्हाई. मला वाटलं, माय न्हाई तर तुला तरी यावं वाटतं का न्हाई. म्हणशील, आता काय राहिलं तिथं. म्हणून तुझ्या फोनची वाट पाहून राहिलो. अन् तू फोन केला तो वहिनीला. अन् काय म्हणाली, तर कोणी यायची गरज न्हाई."

दोघंही आपापल्या घरी मोबाईल धरून बसलो होतो.

"येडा आहेस तू," मी म्हटलं.

"हाव. अन् तू लई शहाणी."

"दादा, तू न्यायला आला नाहीस तर मला माहेरच नाही रे."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बास्केटमधलं फडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. वहिनीने करंज्या बांधून दिल्या होत्या. पडल्याने त्यांचा भुगा झाला होता. आम्ही दोघांनी तो चिमटी चिमटीने संपवला.

गाव तिथून सगळं उताराने. माझी सायकल असल्या उतारासाठीच केलेली, पण भाऊ म्हणाला, "तू मागं राह्य. मुराळी पुढं असतो." त्याच्या सायकलला ब्रेक नावापुरतेच. दोन्ही पाय मुरमात घासत, धुरळा उडवत तो पुढं, आणि ब्रेक दाबून दाबून बोटं आखडलेली मी मागं. अवघड वळणावर दोघं उतरून चालत गेलो. धुरळ्याने माझा चेहरा तांबडा झाला होता, आणि मला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

गावात शिरताना हापशावर बायका होत्या. त्या गुलाबी सायकलीकडे बघता बघता त्यांच्या घागरी भरून वाहायला लागल्या.

एकीने विचारलं, "भाऊ, आली का बहीण?"

त्याला धड श्वास घेता येत नव्हता. तरी पाय टेकवून तो ताठ उभा राहिला.

"आली कशाची?" तो म्हणाला. "आणली!"