दुसरी चूल

आमच्या घरात गॅसच्या दोन शेगड्या होत्या. एक स्वयंपाकघरात, रोज पेटणारी. दुसरी मागच्या खोलीत, कधीच न पेटलेली.

कुंभिवलीजवळ, महामार्गापासून थोडे आत असलेले हे घर त्याचे. तो कारखान्यात फिटर होता, मी महाविद्यालयात ग्रंथपाल. गावाच्या लेखी मी त्याचा भाडेकरू. प्रत्यक्षात आम्ही दोघांनी एकत्र संसार केला. हे वाक्य मी आज प्रथमच लिहितो आहे, आणि लिहून झाल्यावर दाराकडे पाहिले.

सरकारी पाहणीत कुटुंब चुलीवरून मोजतात. एकाच चुलीवर जेवणारे हे दोन अविवाहित पुरुष एकमेकांचे कोण, असा प्रश्न कुणाला पडू नये म्हणून मागची शेगडी मांडण्याची कल्पना त्याची. आरोग्याच्या पाहणीसाठी आशाताई यायच्या असल्या की मी त्या शेगडीवर एक रिकामे पातेले ठेवून मागे जाऊन बसत असे.

ताई गावातल्याच, बोलायला मोकळ्या.

"दोन म्हातारं आन् दोन चुली," त्या दर खेपेला म्हणत. "एकीवरच शिजवा की. गॅस तरी वाचंल."

"सरांना माझं तिखट सोसत नाय, ताई," तो सांगे.

ताई दोन कुटुंबे लिहून घेत. शिधापत्रिका दोन, आरोग्य योजनेची कार्डेही दोन. आमच्यासारख्या जोडप्यांना एका शिधापत्रिकेवर एक कुटुंब मानावे, अशी सूचना सरकारने दिल्याचे मध्यंतरी वर्तमानपत्रात आले. मी ती बातमी त्याला वाचून दाखवली.

"म्हंजे मागची शेगडी काढायची," तो म्हणाला, "आन् ताईंना कारण कोण सांगणार? तुमी?"

तो मला घरातसुद्धा थट्टेने 'तुमी' म्हणे. आम्ही दोघे पुष्कळ हसलो. शेगडी जागेवरच राहिली.

एका सकाळी भाजी चिरताना त्याच्या उजव्या हातातली सुरी गळून पडली, आणि त्याबरोबर वाचाही गेली. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला कर्जतला रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने अदबीने विचारले, "पेशंटचे आपण कोण?"

"मी त्यांच्याकडे भाडेकरू आहे."

इतक्या वर्षांच्या सवयीने हे उत्तर विचार करण्याआधीच तोंडातून गेले. फिरवावेसे वाटले, पण फिरवून काय सांगणार? माझे म्हणणे खरे आहे असे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला बोलता येत नव्हते.

"मग घरचं कुणी असेल तर बोलवा," डॉक्टर म्हणाले. "सही लागेल."

नेरळहून त्याचा पुतण्या आला. माणूस भला. त्याने सह्या केल्या, धावपळ केली, माझ्यासाठी चहासुद्धा आणला. डॉक्टर त्यानंतर त्याच्याशीच बोलत. मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहून ऐकू येईल तेवढे ऐकत असे.

घरी सोडायच्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काकांना मी नेरळला नेतो. आमच्याकडं लिफ्ट हाय, व्यायाम घ्यायला माणूस घरी येतो. तुमचंबी वय झालंय, सर. भाडेकरू माणसावर किती टाकायचं?"

कॉटवरून त्याने डाव्या हाताने माझी बाही धरली होती. पुतण्याने एकेक बोट हळुवारपणे सोडवले.

"लळा लागलाय त्यांना तुमचा," पुतण्या म्हणाला.

आता मी अधूनमधून नेरळला जातो. पाहुण्यासाठी असलेल्या खुर्चीवर बसतो. तो वाळत चालला आहे. त्याला दुधात कुस्करलेली पोळी भरवतात. दूध त्याला कधीच पचले नाही.

"यांना दूध सोसत नाही," मी एकदा सांगून पाहिले.

"डॉक्टरांनीच दिलंय, सर," सूनबाई म्हणाल्या. "ताकद येते." आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. तो माझ्याकडे पाहत होता. मी पोहे खाल्ले.

गेल्या आठवड्यात आशाताई आल्या. साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या माणसांची नोंद करायची होती. उंबऱ्यातूनच त्यांनी आत पाहिले. यावेळी थट्टा केली नाही.

"कसं हायेत ते?"

"बरे आहेत."

"आता एकच चूल लिवू ना, सर?"

पहिल्यापासून एकच होती, असे सांगायला मी तोंड उघडले. ताई पेन धरून थांबल्या होत्या.

"एकच," मी म्हणालो. त्यांनी लिहून घेतले आणि त्या पुढच्या घरी गेल्या.