भुशाच्या मातीचं मडकं

आमच्या अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात फुटक्या मडक्यांवर माझ्या नणंदेइतका जीव कोणी लावला नसेल. हैदराबादेत ती पुरातत्त्वात एम.ए. करते, आणि सुट्टीत तामसीला आमच्याकडं आली की पिशवीत कपडे कमी आणि खापरं जास्त. रस्त्यानं चालताना माणसं तिला दिसतच नाहीत, नजर कायम जमिनीवर. बाजारहत्नूरची मंडळी तिला बघायला आली, तेव्हाही ती खालीच बघत बसली होती. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजाळू आहे. तेवढ्यात ही मुलाच्या वडिलांना म्हणते, "मामाजी, तुमच्या जोड्याले जुन्या वस्तीची पांढरी माती लागली हाय. कोन्या शेतातली हाय जी?" ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तेव्हा सासूबाई मला फैलावर घेत होत्या आणि ही बाई बरणीचा तुकडा उन्हात धरून त्याची कड न्याहाळत होती. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

यंदा मात्र तिचं घोडं एका काळ्या रेघेवर अडलं. आमच्या शेतात सापडणारी जुनी खापरं दोन्ही अंगांनी लाल असतात आणि मोडल्या कडेवर मधोमध काळी रेघ दिसते. मातीत भुसा कालवल्यानं तसं होतं, असं तिनं प्रबंधात बिनधास्त लिहून टाकलं. सर म्हणाले, तसं मडकं करून दाखव, नाहीतर प्रबंध परत. मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. हा प्रबंध गेला की एम.ए. गेलं. म्हणून तिनं शेजारच्या गावातल्या कुंभारकाकांना गाठलं. काका डोळ्यांनी अधू झालेले, एवढा शेवटचा आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, भाजून कायमचे उटनूरला मुलाकडं निघालेले. तिच्या हट्टापायी त्यांनी भुशाची माती चाकावर घेतली. मडकं उभं राहायचं आणि बसायचं. काका चिडायचे, पुन्हा माती घ्यायचे. अखेर एकच तगलं, ते आव्यात गेलं.

आवा उघडायच्या सकाळी मीही तिच्याबरोबर होते. काका राख सारत एकेक मडकं काढत होते, बोटानं वाजवून बघत होते. काकू देवाचं नाव घेत होत्या. माझ्या नणंदेनं माझा हात घट्ट धरला होता. "वहिनी, ते तडकून निंगलं तं बरं होईन," ती कुजबुजली.

"काऊन वं?"

"मंग मले फोडा लागनार नाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेघ बघायची तर मडकं फोडावं लागणार, आणि हे या शहाणीनं काकांना आजवर सांगितलंच नव्हतं.

भुशाचं मडकं सगळ्यात शेवटी निघालं. काकांनी वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. खणखणीत. केसाइतकीही चीर नाही. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी ते तिच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी आणलेला चहा निवून गेला, तरी ही पोरगी पदरानं मडक्यावरची राखच पुसत बसली. मला तिचा राग येत होता आणि तितकीच कीवही.

"काका," शेवटी ती मान खाली घालून म्हणाली, "हे फोडा लागते. आतून पाहाचं हाय."

काकांनी मडकं उचललं, ओट्याच्या दगडापाशी नेलं आणि तसेच उभे राहिले.

"जिंदगीभर मडकेच केले, पोरी," ते म्हणाले. "आतून कदी पाहलंच नाई." आणि एका ठोक्यात त्यांनी ते फोडलं.

काळी रेघ होती. अगदी हवी तशी. दोघं डोक्याला डोकं लावून तिच्याकडं बघत बसले. काकांना नीट दिसत नव्हतं, ते नखानं रेघ चाचपत होते.

"ते जुने खापरं कोनं केले?" त्यांनी विचारलं.

"नाव नाई भेटत, काका. कोनाचंच नाई भेटत."

तिनं तुकड्यावर क्रमांक घालायला पेन काढलं होतं. काका म्हणाले, "मंग याच्यावर माहं लिव."

तिनं पेन टेकवलं आणि थांबली. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत आलो होतो. तिनं काकूंकडं पाहिलं. काकू नवऱ्याचं नाव घेणार कशा, त्या नुसत्या हसल्या.

"लिंबाजी," काका म्हणाले.

तिनं बारीक अक्षरात लिहिलं. त्यांना ते दिसेना. त्यांनी तुकडा माझ्या हातात दिला, आणि मी मोठ्यानं वाचून दाखवलं.