खाऱ्या पाण्याची खोली

दादा जहाजावरची नोकरी सोडून घरी परतला, तेव्हा त्याला झोप लागेना. वीसेक वर्षं तो इंजिनरूममध्ये होता. पायाखालची थरथर त्याच्या अंगात भिनली होती, आणि समुद्रापासून दूर, हिंदी मुलखातल्या शिंदे की छावनी वस्तीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात जमीन अगदी गप्प होती. नोकरी का सोडली, ते त्याने सांगितलं नाही. घरात आम्ही तिघंच. मी कॉलेजात भूगोल शिकवते. आईची नजर काचबिंदूने बरीचशी गेलेली, तिला उजेड आणि सावल्या तेवढ्या कळतात. आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी एक दिवस तो म्हणाला की मासा पाळायला खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे. मधल्या खोलीत पाच फुटी काच आली, तिच्याखाली लोखंडी स्टँड, पंप, निळसर दिवे. मग पाणी बनवणं सुरू झालं. फिल्टरच्या पाण्यात खास मीठ घालून तो काठीने ढवळत बसे. आई म्हणाली, एवढं परदेशी मीठ कशाला, दाल बाज़ारात खडेमीठ मिळतं की. दादा हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्याने तिला समजावलं की समुद्रात नुसतं मीठ नसतं, आणखी बरंच काही विरघळलेलं असतं. आईने बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "खरंच, कडवट आहे."

माशाला लपायला जागा हवी म्हणून पाटणकर बाजारातून मी पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले. दुकानदाराने विचारलं, "बाथरूम के लिए?" मी म्हटलं, मछली के लिए. त्याने पाइपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुकडे कागदात गुंडाळून दिले.

ईल दिल्लीहून आली. दादा स्वतः जाऊन घेऊन आला, थर्माकोलचा डबा सगळा प्रवास मांडीवर ठेवून. हातभर लांब, पांढरट अंगावर काळे ठिपके आणि मधे मधे पिवळे थेंब. कोकणात अशा लांबट माशाला वाम म्हणतात, असं त्याने सांगितलं. आमच्या इकडच्या मराठीत तो शब्दच नव्हता. आम्ही तिला ईलच म्हणत राहिलो. शेजारच्या काकूंनी दारातूनच 'साप पाळलाय' असं ठरवून टाकलं.

ती पाइपातून नुसतं डोकं बाहेर काढून बसे आणि तोंड सारखं उघडत-मिटत राही. तो तिचा श्वास होता. दादा म्हणाला, हिला दिसतं कमी, वासावरच सगळं चालतं. ते ऐकून आई खुर्ची टाकीजवळ ओढून बसायला लागली. सकाळी तिचा जप तिथेच होई. काचेच्या अलीकडे आईचे ओठ हलत, पलीकडे ईलचे, आणि मधे पंपाची बारीक गुणगुण. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासा आलेला नव्हता. तिच्यासाठी आणलेली कोळंबी बाल्कनीतल्या लहान फ्रिजमध्ये असे, आणि आई त्या फ्रिजचा विषय कधी काढत नसे.

उन्हाळ्यात ती खोली वेगळीच होऊन जाई. बाहेर गरम वाऱ्याची लू सुटलेली, पडदे ओढलेले, कूलरमधून खसाचा, म्हणजे वाळ्याचा वास, आणि छतावर पाण्याच्या उजेडाची जाळी हळूहळू सरकत असलेली. कॉलेजातून आले की मी तिथेच चटईवर आडवी व्हायची. आपण तळाशी पडलोय आणि शहर कुठेतरी फार वर आहे, असं वाटायचं. दादाही दिवाणावर झोपलेला असे. पंपाच्या आवाजात त्याला डोळा लागत होता.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एकदा सकाळी वीज गेली ती आलीच नाही. दुपारी इन्व्हर्टरही बसला. पंप थांबला, पाणी तापायला लागलं. दादाने झाकण वीतभर सरकवलं आणि सेलवरचा छोटा पंखा पाण्यावर धरून बांधला. मग तो खाली शेजाऱ्यांकडे बर्फाच्या बाटल्या मागायला गेला. मी स्वयंपाकघरात बादली भरत होते. खोलीत आई एकटी होती.

परत येऊन पाहिलं, तर पाइप रिकामे.

आम्ही टाकीचे दगड उचलून पाहिले, कूलरमागे, कपाटाखाली शोधलं. आई म्हणाली की मघाशी ओला टॉवेल पडावा तसा आवाज आला होता, तिला वाटलं, मीच स्वयंपाकघरात काही टाकलं. मग ती जमिनीवर बसली आणि फरशीवरून हात फिरवत दिवाणाखाली सरकली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "इथे आहे. हलत नाहीये."

तिचा तळवा ईलच्या पाठीवर होता. ईलला धूळ चिकटली होती, केस चिकटले होते, ती वातीसारखी दिसत होती. दादाने ओल्या फडक्यात उचलून तिला पाण्यात सोडलं, तर ती आडवी होऊन खाली जायला लागली. त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले, तिला सरळ धरलं आणि पुढे-मागे नेत राहिला, तोंडातून पाणी वाहावं म्हणून. मी पाण्यातल्या बर्फाच्या बाटल्या बदलत होते. आई काचेला हात लावून उभी होती.

असा किती वेळ गेला कोण जाणे. मग पाण्याकडे बघतच दादा बोलायला लागला. त्याच्या शिफ्टमधला एक मुलगा होता, मालवणकडचा. एका पहाटे तो डेकवर गेला आणि परत आला नाही. जहाज वळवलं, दिवसभर शोधलं. दुसऱ्या दिवशी कप्तानाने शोध थांबवला आणि इंजिन पुन्हा पूर्ण वेगावर न्यायचं काम दादाकडे आलं.

"मीच वेग वाढवला, आई," तो म्हणाला. "माझ्या हाताने."

आईने काचेवरचा हात तसाच राहू दिला. मग म्हणाली, "हात काढू नकोस. धरून ठेव तिला."

चारच्या सुमारास वीज आली. पंप सुरू झाला, आणि त्यानंतर थोड्या वेळाने ईलने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दादाने हात सैल केले. ती वाकडीतिकडी पोहत पाइपात शिरली. दादा तिथेच फरशीवर बसून रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, तोच धुळीने माखलेला हात.

आठवडाभर ईलने काही खाल्लं नाही. मग एका सकाळी आईनेच चिमटा मागितला. चिमट्यात कोळंबी धरून तिने हात पाण्यात घातला आणि वाट पाहत राहिली. चिमट्याला झटका बसला तेव्हा ती दचकली, आणि मग लहान मुलीसारखी हसली.

पुढच्या हिवाळ्यात दादा मालवणला त्या मुलाच्या घरी गेला. दोन दिवसांसाठी म्हणून गेला आणि दहा दिवस राहिला. मुलाच्या आईने काही विचारलं नाही, असं त्याने फोनवर सांगितलं. तिने फक्त मुलाची खोली उघडून दिली आणि म्हणाली, इथे झोप. खिडकीतून समुद्र ऐकू येतो, दादा म्हणाला, आणि सकाळी उठायला उशीर होतो.