आण्णांचा उजवा हात आणि पस्तीस किलोचा सर्व्हो

आधीच सांगून टाकतो, रिमोटवर चालणारा तो ट्रक मी माझ्या हौसेसाठी घेतला होता. हातभर लांब, दगडधोंड्यांतून, ओढ्याच्या काठाने हळूहळू चढत जाणारा. "पन्नाशी आली आणि आता खेळणी घेतायत," असं बायको शेजारणींना सांगायची. कोल्हारला माझं पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. दिवसभर लोकांना मोटरी विकायच्या आणि संध्याकाळी स्वतःची एक खेळवायची, यात कुणाच्या बापाचं काय जातं?

पण झालं असं की तो ट्रक माझ्या बापाच्याच हातात गेला.

आण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर नगर-मनमाड रोडवर कांद्याचा ट्रक चालवत आले. गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परत आला. जीभ तर एक दिवसही गेली नव्हती. हात मात्र मांडीवर नुसता पडून असायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो आण्णांनी गव्हाणीत फेकला. "मी काय रांगतं पोरगं हाय का?" बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "हात वापरला नाही तर आखडेल. मग आम्हालाही काही करता येणार नाही." मी आण्णांच्या विनवण्या केल्या, ओरडलो, हातापाया पडलो. ढिम्म. भाकरीसुद्धा डाव्या हाताने खायला लागले.

एका संध्याकाळी मी परसात ट्रक फिरवत होतो. खुर्चीवरून आवाज आला, "आन हिकडं."

त्या रिमोटचा आकार पिस्तुलासारखा. डाव्या हातात धरायचं, बोटाने घोडा दाबला की गाडी चालते, आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवलं की ती वळते. आण्णांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवरच्या रिमोटच्या चाकावर ठेवला. मग रिमोट डाव्या हातात घेतलं आणि चाक फिरवलं. ट्रकने पाण्याच्या हौदाला वळसा घातला. पुन्हा घातला. बायको पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी ट्रक परसालगतच्या नांगरटीत घातला. आमची जमीन काळी. वाळली की ढेकळं अशी होतात की अनवाणी माणूस पाय टाकणार नाही. दोन ढेकळांमध्ये पुढचं चाक अडकलं, आण्णांनी जोर लावून वळवलं, आतून कडकड आवाज आला आणि त्यानंतर रिमोट कितीही फिरवा, गाडी आपली नाकासमोर.

आण्णांनी रिमोट मांडीवर ठेवलं. "गेला. हात परत गेला."

"आण्णा, हात नाही गेला. गाडीतला सर्व्हो गेला."

"मला नको शिकवू. आरं, गाडी वळंना म्हंजी हात फिरला न्हाई."

सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी पेटी. तिची दांडी पुढच्या चाकांना जोडलेली असते, आणि रिमोट जितकं फिरवाल तितकीच ती फिरते. मी तो खोलून आण्णांच्या नाकापुढे धरला. आतल्या प्लास्टिकच्या चकत्यांचे दात झडून गेले होते. आण्णांनी बघितलंसुद्धा नाही. त्या रात्रीही डाव्या हातानेच जेवले.

आता नवा सर्व्हो आणायचा, तर कुठला? मी पुण्याच्या दुकानात फोन लावला. पहिलाच प्रश्न, "किती किलोचा पाहिजे?" त्याची ताकद किलोत मोजतात. मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. एक म्हणतो ताकद बघा, दुसरा म्हणतो ताकदीला काय चाटायचंय, वेग बघा. तिसरा म्हणतो दात धातूचे हवेत, चौथा म्हणतो पाणी जाता कामा नये. च्यायला, सगळे शहाणे आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही! मोबाईलवर पस्तीस किलोच्या सर्व्होचा फोटो बघून दुकानात बसायला येणाऱ्या मंडळींनीही तोंड घातलं. "पस्तीस किलो? हे तर चिमटीत मावतंय!" असं म्हणून हसून घेतलं आणि मग एकमताने निकाल दिला: घ्यायचाय तर मोठाच घ्या. आमच्याकडे हे असंच. विहिरीला पाच एचपी पुरत असेल तर साडेसातची मोटर टाकायची, कारण शेजाऱ्याची पाचची आहे. मीही सगळ्यात मोठा, पस्तीस किलोचाच मागवला.

कुरिअरवाला गावात येईना, म्हणून फाट्यावर उन्हात उभा राहून सर्व्हो आणला. बसवताना दोन स्क्रू हरवले, बोट कापलं. आण्णांच्या हातात रिमोट दिलं. हौदाभोवती गाडी झकास वळली. नांगरटीत गेली, ढेकळाला चाक टेकलं, आण्णांनी वळवलं आणि अख्खा ट्रक मेला. पुढे नाही, मागे नाही. थोड्या वेळाने आपोआप जिवंत झाला. पुन्हा वळवलं, पुन्हा मेला.

"बघ," आण्णा म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चांगली गाडी माझ्या हातात आली की बंद पडती. उगं कशाला रं माझी परीक्षा बघतो?"

रिमोट खाली ठेवून ते आत गेले. त्यानंतर परसात यायचंच बंद केलं. सदऱ्याची बटणं बायको लावून द्यायला लागली, आणि त्यांची बोटं आत वळत चालली होती, हे मला दिसत होतं. मी त्या सर्व्होला सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत होतो. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! तारा तपासल्या, बॅटरी बदलली, काही सापडेना. एकदा तर ट्रक उचलून उकिरड्यावर टाकायला निघालो होतो, बायकोने हातातून काढून घेतला.

मग एक दिवस दुकानात एक गिऱ्हाईक तणतणत आलं. माझं न ऐकता मोठी मोटर घेऊन गेलेला माणूस. "चालू केली की स्टार्टर पडतोय, मोटर बंद! मोटर खराब दिली तुमी!"

मी भडकलोच. "अहो, मोटरीला काय धाड भरलीये? तुमची लाईन डीपीच्या ट्रान्सफॉर्मरपासून पार शेवटच्या टोकाला. तिथे व्होल्टेज येतं केवढं? एवढी मोटर ओढायला लागली की बाकी सगळं बसणारच! नाकापेक्षा मोती जड घेऊन ठेवायचं, आणि वर..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?" गिऱ्हाईक घाबरलं.

काय होणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ट्रकमधलं एवढंसं सर्किट सर्व्होला वीज पुरवतं. पस्तीस किलोचा तो राक्षस ढेकळाला अडून वीज ओढायला लागला की बाकी गाडीला काही उरत नव्हतं. जन्म गेला माझा लोकांना हे सांगण्यात.

पुण्याला फोन लावला. "किती किलोचा?" "किलो घाला चुलीत. अडकल्यावर करंट किती ओढतो ते सांगा." "सर, असं कुणी विचारत नाही." "मी विचारतोय ना!" शेवटी मिळाला एकदाचा. मध्यम ताकदीचा, धातूच्या दातांचा, ट्रकच्या विजेत भागणारा. बसवून मी स्वतः नांगरटीत तासभर चालवला. एकदाही बंद पडला नाही.

पण आण्णा रिमोटला हात लावायला तयार नाहीत. मग मीच त्यांची खुर्ची परसात आणली आणि त्यांच्यासमोर ट्रक चालवू लागलो. मला काही त्यांच्यासारखं चालवता येत नाही. दोनदा उलटवला. आण्णा चुळबुळ करू लागले. "आरं कट मार! कट मार की! गियर काय, स्टेअरिंग काय, बैल राखायच्या लायकीचा न्हाई तू. आन हिकडं."

हात चाकावर चढला. ट्रक ढेकळांतून गेला, सरीत उतरला, बांधावर चढला. आण्णा पुढे वाकून बघत होते, ओठ दाबून. परत येताना हौदाजवळ वळायचं होतं, आणि ट्रक सरळ जाऊन हौदावर आपटला.

मी बघत होतो. सर्व्हो ठणठणीत होता. आण्णांची दमलेली बोटं चाकावरून घसरली होती. बायकोनेही ते पाहिलं. आता म्हणणार, हात गेला.

आण्णांनी ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे. "भंगार हाय तुझं स्टेअरिंग," ते कडाडले. "माझा हात बराबर हुता. न्हे, नीट करून आन. लवकर आन!"

"हो आण्णा," मी म्हणालो. "स्टेअरिंगच खराब आहे."

ट्रक उचलून गोठ्यामागे गेलो. एक स्क्रूसुद्धा सैल केला नाही. फडक्याने चाकांची माती पुसली, मग त्याच फडक्याने डोळे पुसले, आणि परत आलो.

"झालं का नीट?"

"झालं."

"आता बघ," म्हणत आण्णांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि परत चाकावर ठेवला.