पिवळाधमक फोटो

प्रिंटरमधून गरम कागदाचा वास आला की मी अजूनही उमेळे गावातल्या त्या हळदीच्या कार्यक्रमात पोचतो. जागेवरच फोटो छापून देण्याचं माझं ते पहिलंच काम. प्रिंटर आदल्या दिवशी आणलेला. माहितीपुस्तक खोक्यातच, कारण मला सगळं येतं!

नवरीची आत्या डहाणूला परत निघाली होती. बाहेर गाडी हॉर्न वाजवत होती आणि तिला भाचीबरोबरचा फोटो हातात घेऊनच जायचं होतं. "दोन मिनिटांत देतो," मी ऐटीत म्हणालो.

कागद बाहेर डोकावला तो नुसता पिवळा, चेहरेही पुसट पिवळे. बिघडला! मी घाबरून तो खसकन ओढून काढला. प्रिंटर किंचाळून बंद पडला. पुन्हा चालू केला, नवा कागद घातला, पुन्हा पिवळाच! माझा हात पुढे गेला, तोच आत्याने त्यावर चापट मारली.

"हलदीचा फोटो पिवलाच येनार ना, दादा! गप बघ आता."

कागद आपणहून आत गेला, गुलाबी होऊन आला, पुन्हा गेला, मग निळी छटा चढली आणि अख्खा मांडव "आला, आला!" करून ओरडला. प्रिंटर एकेक रंग चढवतो, हे मला सोडून सगळ्यांना तेव्हाच कळलं.

फोटो घेऊन आत्या निघाली, पण दारातून परत आली.

"तो मगाशी ओढून काढलेला पिवला पन दे. त्याच्यात माज्या सुरकुत्या नाय दिसत."